मानेचा तुकडा

कोंबडीचे भाग किती, असे गेल्या उन्हाळ्यापर्यंत मला कोणी विचारले असते, तर मी बोटे मोजून आठ सांगितले असते. दोन तंगड्या, दोन पंख, छाती, पाठ, मान आणि कलेजी-पोटा. आमच्या घरी एवढेच भाग होते, आणि प्रत्येक भागाचा धनी ठरलेला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली जाई. कोंबडी वडील स्वतः कापत आणि रस्साही तेच करीत. जर्मनच्या गंजातून लाल तर्रीचा वास सुटला, की आळीतली कुत्री दाराशी येऊन बसत. वाढायचे काम मात्र आईकडे असे. एक तंगडी आजोबांची आणि दुसरी पाहुण्याची; पाहुणा नसला तर ती वडिलांच्या ताटात जाई. छातीचे तुकडे सर्वांना. कलेजी माझी. ती माझीच का, हे मी कधी विचारले नाही. दिवस पूर्वेलाच का उगवतो, हे तरी आपण कुठे विचारतो? पंख आणि पाठीचे हाड माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला. सगळ्यांची जेवणे आटोपली म्हणजे आई गंज तिरपा करून तळाशी उरलेल्या रश्शात भाकर बुडवी आणि मान चोखीत बसे. मी म्हटले, की आई, तुला दुसरा तुकडा नाही उरला? तर ती म्हणायची, "मले मानच आवडते, बापू. चोखाले गोड लागते."

मी शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या पहिल्या कादंबरीत चुलीपाशी बसून मान चोखणारी एक आई आहे. तिच्या चेहऱ्यावरच्या तृप्तीचे मी दोन पाने वर्णन केले आहे. त्या दोन पानांबद्दल मला वाचकांची पत्रे आली होती, आणि ती मी अजून जपून ठेवली आहेत.

हे सगळे आठवायचे कारण फार दूरचे आहे. गेल्या मे महिन्यात मी अक्काला घेऊन जपानला गेलो होतो.

हे वाक्य लिहिताना माझे मलाच हसू येते. वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुलांना चित्रकला शिकवणारा, मॅट्रिकनंतर चित्रकलेच्या पदविकेखेरीज काही न शिकलेला माणूस जपानला कशाला जाईल? पण अक्काचा मुलगा टोकियोत संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. त्याने आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतले. अक्का कधी अकोल्याच्या पलीकडे एकटीने गेलेली नाही. भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्ही आईला घेऊन या. पंधरा दिवस राहा, मग परत जा." तिकीट त्यानेच काढले. शाळेला सुट्टी होती. मी सोबतीला निघालो.

माझ्या पिशवीत कपड्यांच्या तळाशी एक कागद होता. तोही आता सांगून टाकला पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

आमचे रिसोड तालुक्यात पाच एकर कोरडवाहू वावर आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी बरे झाले तर हरभरा. वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर आईचे, अक्काचे आणि माझे अशी तीन नावे चढली. आई गेल्यावर दोन राहिली. मी वाशीमला घर बांधायला काढले आहे आणि त्यासाठी दोन एकर विकायचे मनात होते. अर्जनवीस म्हणाला, "गुरुजी, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या. सगळेच करतात." सगळेच करतात, हे खरेच आहे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तो वाटा तिला जन्मानेच मिळतो, कायदा झाला तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. आणि तरीही आमच्याकडे बहिणी निबंधकाच्या कचेरीत येतात, सही करतात, भावाकडून एक लुगडे घेतात आणि गाडीला बसतात. माहेर तुटू नये, एवढीच त्यांची किंमत असते.

अर्जनवीसाने मसुदा करून दिला होता. 'मी माझ्या स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, बंधुप्रेमापोटी, काहीही मोबदला न घेता...' अशी त्याची सुरुवात होती. गावात हा विषय काढायला मला जमत नव्हते. भावजी असतात, शेजारीपाजारी असतात. म्हटले, परमुलखात निवांतपणे बोलू. अक्का नाही म्हणणार नाही, ह्याची मला खात्री होती. तीच खात्री मला आतून टोचतही होती.

टोकियोच्या पूर्वेला एदोगावा विभागात निशिकासाई नावाची वस्ती आहे. २००० सालाच्या सुमारास संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरायला आपल्याकडचे पुष्कळ अभियंते तिकडे गेले. कचेऱ्यांकडे जाणारी तोझाई रेल्वे तिथून सोयीची पडते म्हणून ते तिथे राहिले आणि हळूहळू त्यांनी ती वस्ती आपलीशी केली. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली ह्याच एदोगावाच्या सभेवर निवडून आले. अक्काला दोनच दिवसांत जिरे, तुरीची डाळ आणि ज्वारीचे पीठ कुठल्या दुकानात मिळते ते कळले. अडले ते एवढेच, की भाच्याच्या घरी भाकर थापायला परात नव्हती. तिने पुठ्ठ्यावर प्लास्टिक पसरून भाकर थापली.

तिसऱ्या आठवड्याच्या तोंडावर, माझ्या निघण्याच्या चार दिवस आधी, भाचा म्हणाला, "आज बाहेर जेवायचं. महिन्यापूर्वी जागा राखून ठेवली आहे." मी विचारले, "काय मिळते तिथे?" तो म्हणाला, "कोंबडी." आणखी काय, असे विचारले तर म्हणाला, "कोंबडीच. दुसरं काही नाही. पण तुम्ही पाहाच."

शहराच्या मध्यभागी एका इमारतीच्या तळघरात ते दुकान होते. पाटी वहीच्या पानाएवढी. दाराला निळ्या कापडाचा तोकडा पडदा. आत टेबले नव्हतीच. एक लांबलचक लाकडी फळी, गुळगुळीत घासलेली, आणि तिच्या अलीकडे अकरा खुर्च्या. पलीकडे एक अरुंद शेगडी आणि तिच्यामागे डोक्याला फडके गुंडाळलेला मालक. म्हणजे जेवणारा आणि रांधणारा ह्यांच्यात हातभराचे अंतर. आम्ही अक्काला मधल्या खुर्चीवर बसवले. साडीवर भाच्याचे लोकरीचे जाकीट आणि पायांत कापडी बूट असा तिचा वेष होता, पण ती त्या अकरा माणसांत मला सर्वांत सहजपणे बसलेली वाटली. समोर चूल होती, आणि चुलीसमोर बसायची तिला चाळीस वर्षांची सवय होती.

हात पुसायला गरम ओले रुमाल आले. भाच्याने हात जोडून हलकेच एक शब्द उच्चारला, 'इतादाकिमास'. मी नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. आपण जेवणाआधी श्लोक म्हणतो तसेच हे.

अक्काचे लक्ष शेगडीकडे होते. ती म्हणाली, "बापू, इस्तो पाय त्याचा. धूर नाई, जाळ नाई."

तो कोळसा साधा नव्हताच. भाच्याने मला सगळे समजावून सांगितले. उबामे नावाच्या ओकच्या जातीच्या झाडापासून तो करतात. भट्टीत लाकूड दिवसेंदिवस कोंडून जाळतात, शेवटी भट्टीचे तोंड उघडून हजार अंशांच्या आसपास धग आणतात आणि लालबुंद कोळसे बाहेर ओढून ओल्या वाळू-राखेत पुरतात. म्हणून वरून तो पांढरट दिसतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखे वाजतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस ह्या कोळशाचा धंदा करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या नावावरून त्याला बिंचोतान म्हणतात. उत्तम माल येतो तो वाकायामा प्रांतातून. ज्या कोयासान येथे २०१५ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, ते कोयासान ह्याच प्रांतातले. तेव्हा मुलांनी शाळेच्या फळ्यावर ती बातमी लिहिली होती आणि मी खाली बुद्धाचे चित्र काढले होते. त्याच मुलखातल्या कोळशावर आपण एक दिवस कोंबडी खाऊ, हे कोणाच्या स्वप्नात होते!

पदार्थ एकेक करून येत. आपण काही मागायचे नाही. सारे मालकावर सोपवायचे, अशी तिथली रीत. बांबूच्या काडीवर ओवलेले चार-पाच घास, एका वेळी एकच काडी. ती संपली की दुसरी. कधी वरून नुसते मीठ, कधी तारे नावाचा काळसर गोड रस. हा रस सोयाचा आर्क, तांदळाची गोड दारू आणि साखर घालून करतात, आणि भांडे कधी रिकामे करीत नाहीत. संपत आले की त्यातच नवा घालतात, आपल्याकडे विरजण चालते तसे. सोयाबीन आम्हीही पिकवतो, पण आमचे सोयाबीन तेलाच्या गिरणीत जाते. त्याची अशी चव जिभेवर आल्यावर मी थोडा वेळ गप्प बसलो.

आधी छातीतला कोवळा भाग आला, आतून जेमतेम शिजलेला. मी बिचकलो, अक्काने खाल्ला. मग हृदय. मग पोटा, करकरीत. मग कातडी, कुरकुरीत भाजून घड्या घातलेली. मध्येच एक हिरवी मिरची आली. अक्काने पाण्याचा पेला जवळ घेऊन ती चावली आणि म्हणाली, "नावाचीच मिर्ची हाये." भाचा खो खो हसला. मालकानेही मान लववली. त्याला वाटले, आवडली.

मी हातांकडे पाहत होतो. तो माझा धंदाच आहे. मालक काडी शेगडीवर ठेवी, दोन बोटांनी फिरवी, डाव्या हातातल्या पंख्याने एका कोपऱ्यात वारा घाली, उचलून पाही, पुन्हा ठेवी. काडीवर मांस ओवायला तीन वर्षे लागतात आणि भाजायला सारा जन्म, असे तिकडचे कारागीर म्हणतात. कोंबडीही निवडक असते. देशी रक्ताची, जमिनीवर मोकळी हिंडलेली, निदान पंचाहत्तर दिवस वाढवलेली असेल तरच तिला त्यांच्याकडे 'जिदोरी' म्हणायचे, असा नियम आहे. आपण गावरान म्हणतो, पण गावरान कशाला म्हणायचे ते प्रत्येक विकणारा आपल्या सोयीने ठरवतो.

ह्या थाटाच्या दुकानाची कुळकथा मात्र थाटाची नाही. इसवी सन ६७५ मध्ये तेम्मू नावाच्या सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी ह्यांचे मांस खाण्यास बंदी घातली होती. पुढे शेकडो वर्षे मांसाहाराला तिथे चोरटेपणा चिकटून राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेजी राजवटीत निर्बंध सैलावले. तेव्हाही कोंबडी महाग होती. श्रीमंतांच्या खाणावळींतून उरलेले आतडे, कातडे, कूर्चा असले तुकडे काड्यांवर ओवून रस्त्यावर गाडीवाले विकू लागले. तीच मूळ यकितोरी. म्हणजे भाजलेला पक्षी. पण भाजलेले उरलेसुरले म्हटले तरी चालेल. १९६० नंतर पोल्ट्रीतली स्वस्त कोंबडी आली आणि यकितोरी घराघरांतल्या कारकुनांची झाली. आणि आता त्याच उरल्यासुरल्यासाठी अकरा खुर्च्यांपुढे महिनाभर आधी नावे लावावी लागतात. २००७ सालापासून टोकियोच्या हॉटेलांना तारे वाटणाऱ्या त्या फ्रेंच टायर कंपनीच्या पुस्तकात अशा काही दुकानांची नावे झळकली आहेत. माणशी दहा हजार येनांच्या वर बिल, म्हणजे आपले पाच-सहा हजार रुपये. भाच्याने हा आकडा मला नंतर सांगितला, हे बरे झाले.

सातवी की आठवी काडी असेल. मालकाने ती प्रथम अक्कापुढे ठेवली, कारण ती आमच्यात वडील. लांबट, बारीक तुकडे, मीठ लावून भाजलेले; कडा तपकिरी आणि वर चरबीची चमक.

"आई, ही मान," भाचा म्हणाला. "सेसेरी म्हणतात. ह्या दुकानात लोक खास हिच्यासाठी येतात. एका कोंबडीच्या मानेत एवढंसं मांस असतं. दोन-तीन कोंबड्यांची मिळून एक काडी होते."

अक्काने काडी हातात घेतली आणि तिच्याकडे पाहत राहिली. "मान?" ती म्हणाली. "इथंबी मानच?" मग तिने एक तुकडा खाल्ला. सावकाश चावला. म्हणाली, "हाडं नाईत हिच्यात. कोनी तरी बसून काढली असतीन एक एक."

मी म्हणालो, "आई असायला पाहिजे होती. तिला मान फार आवडायची."

अक्काने माझ्याकडे वळून पाहिले. "कोन म्हने?"

"आईच म्हणायची."

"तुले म्हने," अक्का म्हणाली.

बस्स, एवढेच. तिच्या आवाजात ना राग होता ना टोमणा. वर्गात मुलाचे गणित चुकले तर आपण जसे बोट ठेवतो तसे तिने बोट ठेवले. मी म्हणालो, "म्हणजे?" ती थोडा वेळ दुसरा तुकडा चावत राहिली आणि मग शेगडीकडे पाहत बोलू लागली.

"तुयी मॅट्रिकची परीक्षा होती पाय. तू रिसोडले मामाच्या घरी गेलता. बाबा तुले सोडाले गेले अन् दोन रोज तिकडंच रायले. आपली तांबडी कोंबडी एस.टी.खाली आली. टाकून देवाव तं जीव होईना. मायनं साफ केली, म्या मसाला वाटला. घरात आमी दोघीच. मायनं कलेजी काढली, इळ्यावर मधोमध कापली. अर्धी मले देल्ली, अर्धी सोताले घेतली. खातानी डोये मिटून घेतले तिनं. मंग म्हने, बापूले सांगू नको. त्याले वाटन, आपून चोरून खाल्ली."

भाचा खाली मान घालून बसला होता. त्याला आजीची ही गोष्ट ठाऊक नसावी. मालकाने माझ्यापुढे माझी काडी ठेवली. मी ती उचलली. अतिशय सुरेख चव होती. हे कबूल केले पाहिजे, की घशाशी आवंढा असतानाही चव कळते.

मला आठवले, त्याच उन्हाळ्यात अक्काचे लग्न झाले होते. ती सातवी झाली तेव्हा वडिलांनी तिचे नाव शाळेतून काढले, कारण पुढची शाळा तीन कोसांवर होती आणि घरी म्हशी होत्या. चार वर्षांनी मी सातवी झालो तेव्हा शाळा तेवढ्याच अंतरावर होती आणि म्हशीही तेवढ्याच होत्या. मला सायकल मिळाली.

आणि माझ्या कादंबरीतली ती दोन पाने! मी चुलीपाशी बसलेल्या आईकडे पाहिले होते. मास्तर म्हणून नव्हे, चित्रकार म्हणून पाहिले होते. तिच्या गालाची हालचाल, बोटांवरची तर्री, सारे बरोबर उतरवले होते. फक्त तिने सांगितलेले कारण तपासून पाहिले नव्हते. मुलाला जे सोयीचे असते ते आईने सांगितले की त्याला ते लगेच खरे वाटते. 'स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता' आईने जन्मभर मान खाल्ली. तिच्याकडून कोणी कागद लिहून घेतला नव्हता. घ्यावाच लागला नाही.

शेवटी कोंबडीच्या हाडांचे पांढरे सूप आले. उठताना भाच्याने मालकाला वाकून म्हटले, 'गोचिसोसामा'. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, ह्या शब्दात धावाधाव करणे असा मूळ अर्थ आहे. पाहुण्याला जेवू घालण्यासाठी यजमानाने जी धावपळ केली तिच्याबद्दल हे आभार. अक्काने तो शब्द दोनदा घोळवून पाहिला. तिला तो नीट जमला नाही, पण मालकाला कळला. तो शेगडीमागून बाहेर येऊन दारापर्यंत पोचवायला आला.

मी निघायच्या आदल्या रात्री भाचा कामावरून यायचा होता. अक्का माझे कपडे घडी घालीत बसली होती. ती म्हणाली, "बापू, तुह्या पिशवीत कागद हाये ना एक?"

मी काही बोललो नाही.

"इस्तरी कराले सदरा काढला तवा पायला. वाचलाबी. सातवी शिकली मी." तिने सदऱ्याची बाही नीट दुमडली. "आनला तं काढत काऊन नाई? सांग, कुठी सही करू? मले काय करायचं वावर? मी काय नांगराले येऊ?"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मले मानच आवडते, बापू. अगदी तोच सूर, तोच शेवटचा हेल. मी म्हणायला हवे होते, की अक्का, असे बोलू नकोस, तुला खरेच काय हवे ते सांग. पण एवढे धाडस माझ्यात आले नाही. मी म्हणालो, "इथे सही करून चालत नाही, अक्का. निबंधकासमोर व्हावी लागते."

"मंग गावाले आल्यावर करीन," ती म्हणाली आणि तिने पिशवीची साखळी ओढली.

घरी आल्यावर अर्जनवीसाने विचारले, "काय गुरुजी, बहिणीचं झालं ना?" मी म्हटले, "राहू द्या तूर्त." त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी जपानहून काही आजार घेऊन आलो आहे. घराचे प्लास्टर राहिले आहे. ह्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल आली. सौ. दोन-तीनदा बोलली आणि तिचे चुकले, असे मी म्हणणार नाही. दोन खोल्यांत चार माणसांनी राहायचे, ते तिलाच निभवावे लागते.

अक्का ऑगस्टमध्ये परतली आणि पोळ्याला माहेरी आली. करीच्या दिवशी मी अंगणात तीन दगडांची चूल मांडली. वडिलांच्या मागे प्रथमच. रस्सा बरा झाला, थोडा खारट झाला. वाढायला मीच बसलो आणि सगळ्यांना एकाच पंगतीत बसवले, मुले, सौ., अक्का. कलेजी काढून मी अक्काच्या ताटात ठेवली.

"मले नाई आवडत कलेजी," ती म्हणाली. "पोट्टेयले दे."

"तुला आवडत नाही?" मी विचारले.

ती हसली. मग पुष्कळ वेळ काही बोलली नाही. "असं इचारत जाऊ नको बापू," ती शेवटी म्हणाली. "कोनी इचारलंच नाई, तं सांगाची सवय रायत नाई." तिने कलेजीचे बोटांनी दोन तुकडे केले. एक स्वतःला ठेवला आणि दुसरा, मला काही कळायच्या आत, सौ.च्या ताटात टाकला.

जेवण झाल्यावर मी तिच्या हातावर पाणी घालीत होतो. मी काहीही विचारले नव्हते. ती आपण होऊन म्हणाली, "सातबाऱ्यावरचं माहं नाव राहू दे. वावर तूच पाय, पिकव, खाय. पन नाव राहू दे."

"बरे," मी म्हणालो.

दोन एकरांचे काय करायचे, ते आता आम्हा दोघांना बसून ठरवावे लागेल. तिच्या वाट्याचे विकायचे झाले तर तिचे पैसे तिला द्यावे लागतील, आणि मग घराचे काम आणखी एक-दोन वर्षे रखडेल. हे मी सौ.ला सांगितले आहे. ती अजून काही बोललेली नाही.

त्या दिवशी सगळी उठून गेल्यावर मी गंज तिरपा करून पाहिला. तळाशी मान राहिली होती. मी तिथेच चुलीपाशी बसलो, भाकरीचा कोर मोडला आणि मान चोखू लागलो. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. चोखायला ती खरोखरच गोड लागते. आई अगदीच खोटे बोलत नव्हती. हाडे मात्र फार असतात.